पाचनंतरचा टक्का, सतरा सी आणि मोजणीचं टेबल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते इतरांनाही कळेल. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा घेतल्या. सहा महिन्यांच्या आत विधानसभा झाली आणि महायुतीचे तीन पक्षच २८८ पैकी २३० वर गेले. मतदानाच्या दिवशी संध्याकाळी पाचला ५८ टक्के दिसणारा आकडा शेवटी ६६ झाला. हे होतं कसं, असं तुम्ही विचारता. आणि पुढच्या निवडणुकीत तुम्ही मोजणी प्रतिनिधी म्हणून बसणार आहात, तर टेबलावर नेमकं काय बघायचं?

मी महसूल खात्यातला. तहसीलदार असताना सहायक निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून काम केलं, पुढे उपजिल्हाधिकारी झाल्यावर निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून. २०१९ ची विधानसभा माझी शेवटची. २०२४ ला मी खुर्चीत नव्हतो, त्यामुळे त्या निवडणुकीतल्या कुठल्याही एका केंद्राची ग्वाही माझ्याकडून घेऊ नका. पण मतदान केंद्रावर आकडा कसा तयार होतो आणि तिथून निकालाच्या कागदावर कसा चढतो, हे मी बरीच वर्षं जवळून केलेलं काम आहे. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

पहिल्यांदा जागा आणि मतं यांची गल्लत सोडवू. लोकसभेला आघाडीला राज्यात सुमारे ४३.७ टक्के मतं होती आणि महायुतीला ४३.५ च्या आसपास. फरक अर्ध्या टक्क्याचाही नव्हता, पण जागा ३० आणि १७ अशा पडल्या. सांगलीची एक अपक्षाकडे गेली. म्हणजे तो विजय दिसायला मोठा होता, पण पायाखालची जमीन अरुंद होती. विधानसभेला भाजप २६.७७, शिंदे यांची शिवसेना १२.३८ आणि अजित पवारांची राष्ट्रवादी ९.०१ अशी बेरीज ४८ च्या वर गेली. समोर काँग्रेस १२.४२, ठाकरे यांची शिवसेना ९.९६ आणि शरद पवारांची राष्ट्रवादी ११.२८, म्हणजे ३४ च्या आत. बरोबरीची लढत साडेचौदा टक्क्यांच्या फरकाची झाली. ज्याला सर्वांत जास्त मतं तो विजयी, या आपल्या पद्धतीत एवढा फरक पडला की जागा एका बाजूला धो धो वाहतात. भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी ४१. समोर काँग्रेस १६, ठाकरे यांची शिवसेना २० आणि शरद पवारांची राष्ट्रवादी १०. विरोधी पक्षनेतेपदासाठी रूढ असलेला एक दशांश, म्हणजे २९ चा आकडा, एकाही विरोधी पक्षाला गाठता आला नाही.

दोन राष्ट्रवादींचं कोडं तर मला कितीतरी लोकांनी विचारलं. शरद पवारांच्या पक्षाला ११.२८ टक्के मतं आणि जागा १०; अजित पवारांच्या पक्षाला ९.०१ टक्के आणि जागा ४१. हे उलटं कसं? उत्तर साधं आहे. एका पक्षाने ८६ जागा लढवल्या, दुसऱ्याने ५९. टक्का मोजतात तो राज्यभरच्या सगळ्या मतांवर. जास्त ठिकाणी उभे राहून जास्त ठिकाणी दुसरे आलात, तरी तुमचा टक्का फुगतो आणि हाती जागा येत नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या मतांना विधानसभेत खुर्ची नसते.

हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. कर्नाटकात २०१८ ला काँग्रेसला ३८ टक्के मतं आणि ८० जागा होत्या, भाजपला ३६ टक्के आणि १०४. हरियाणात ऑक्टोबर २०२४ ला दोघांत एक टक्क्याचाही फरक नव्हता, जागा मात्र ४८ आणि ३७. तेव्हा ‘जागा इतक्या पडल्या म्हणजे यंत्रात काहीतरी केलं’ हा तर्क मी ग्राह्य धरत नाही. महायुतीची साडेचार टक्के मतं वाढली का आणि आघाडीची दहा टक्के घटली का, हा राजकारणाचा प्रश्न आहे. लाडक्या बहिणीचे दरमहा दीड हजार, जागावाटपातली ओढाताण, बंडखोर, सोयाबीनचा भाव, प्रत्येक तालुक्यात वेगळं गणित निघेल. त्यावर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे आहेत.

आता पाचनंतरचा टक्का. मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला सकाळी सात ते संध्याकाळी सहा होतं. पाचचा आकडा ५८.२२, रात्री पावणेबाराचा ६५.०२ आणि अंतिम ६६.०५. २०२४ ला दिवसभर जे आकडे टीव्हीवर येत होते ते दर दोन तासांनी येत आणि ते तोंडी असत. केंद्राध्यक्ष क्षेत्रीय अधिकाऱ्याला फोनवर सांगायचा, क्षेत्रीय अधिकारी तहसीलला कळवायचा, तिथे एक ऑपरेटर भरायचा. पाचला विचारलेला आकडा बहुतेक वेळा साडेचारचा असायचा, कारण केंद्राध्यक्ष त्या वेळी दारातली गर्दी आवरत असायचा. आकडा नक्की होतो तो यंत्र बंद करून सतरा सी, म्हणजे त्या केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाचा नमुना, लिहिल्यावर.

सहा वाजता काय होतं ते बघण्यासारखं असतं. माझ्या मतदारसंघात एका जिल्हा परिषद शाळेत एक शिक्षिका केंद्राध्यक्ष होत्या. मी फिरतीवर तिथे पोचलो तेव्हा सहाला पाच मिनिटं होती. बाई सहीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन रांगेच्या शेवटच्या माणसाकडे चालत गेल्या. त्याला चिठ्ठी नंबर एक. तिथून पुढे दाराकडे येत येत शेवटची चिठ्ठी दाराशी उभ्या बाईच्या हातात दिली. शेवटाकडून सुरुवात करायची, म्हणजे सहानंतर कुणी मागून रांगेत घुसू शकत नाही. त्या दिवशी तिथे त्रेसष्ट चिठ्ठ्या निघाल्या. एकेक मतदार, नाव शोधा, सही घ्या, शाई लावा, कंट्रोल युनिटवरून, म्हणजे मतं साठवणाऱ्या यंत्रावरून, मत सोडा, मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची छापील चिठ्ठी सात सेकंद दिसणार. साडेसात वाजून गेले.

हे डोक्यात ठेवून २०२४ ची वजाबाकी करा. राज्यात ९ कोटी ७० लाख मतदार, १ लाख १८६ मतदान केंद्रं. ५८.२२ पासून ६६.०५ पर्यंतची वाढ म्हणजे साधारण ७६ लाख मतं. केंद्रामागे सरासरी ७६. दिवसभराचा वेग केंद्रामागे तासाला ५८ च्या घरात होता. शेवटचा एक तास आणि त्यानंतरची रांग यात ७६ मतं होणं अशक्य नाही, उलट आपल्याकडे उन्हं उतरल्यावर माणसं बाहेर पडतात. पण हेही तितकंच खरं की सरासरीने कुठल्याही एका केंद्राचा प्रश्न सुटत नाही. एखाद्या केंद्रावर सहाला रांगच नव्हती आणि तरी दोनशे मतं वाढली असतील, तर त्याचा शोध घेतलाच पाहिजे. तो सतरा ए मध्ये, म्हणजे मतदारांच्या सह्यांच्या नोंदवहीत घ्यायचा. टीव्हीवरच्या पट्टीत तो सापडणार नाही.

झालेली मतं आणि मोजलेली मतं यांत पाच लाखांचा फरक आहे, असंही निकालानंतर बरंच फिरलं. त्यातली मेख टपाली मतांत होती. यंत्रांवर ६ कोटी ४० लाख ८८ हजार मतं नोंदली गेली. वैध टपाली मतं ५ लाख ३८ हजार होती, आणि ती मतदानाच्या टक्क्यात धरलेलीच नव्हती. मोजलेल्या मतांत मात्र ती येतात.

मतदार यादीचा मुद्दा मी असा झटकून टाकणार नाही. लोकसभा ते विधानसभा या काळात यादीत निव्वळ सुमारे ४१ लाख नावांची भर पडली. विरोधी पक्षांनी यावर रान उठवलं. आयोगाने सांगितलं की नोंदणी नियमाने झाली, याद्या पक्षांना दिल्या होत्या आणि अपिलं नगण्य आली. आता वर्षातून चार अर्हता दिनांक असतात, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीख, त्यामुळे सहा महिन्यांत नावं वाढणं स्वाभाविक आहे. किती वाढणं स्वाभाविक, हे मात्र प्रत्येक यादीभागात जाऊनच ठरतं. माझं स्पष्ट मत आहे की यादी संगणकावर शोधता येईल अशा स्वरूपात पक्षांना मिळायला हवी. चित्रासारखी पीडीएफ देऊन ‘तपासा’ म्हणणं म्हणजे पोतंभर तांदूळ अंधारात निवडायला सांगणं. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक संचालन नियमांतल्या ९३ व्या नियमात बदल करून सीसीटीव्हीसारखी इलेक्ट्रॉनिक कागदपत्रं लोकांना बघण्यापासून दूर नेली गेली, तेही मला पटलेलं नाही. आम्ही ज्या कर्मचाऱ्यांकडून रात्री दोनपर्यंत प्रामाणिकपणे काम करून घेतो, त्यांच्यावरचा संशय दूर करायची साधनं हीच आहेत.

आता तुमच्या टेबलाकडे वळतो.

एका सभागृहात सहसा १४ टेबलं असतात. पहिल्या फेरीत केंद्र क्रमांक १ ते १४, दुसरीत १५ ते २८, याप्रमाणे. म्हणजे तुम्ही टेबल तीनवर असाल तर तुमच्यासमोर ३, १७, ३१, ४५ अशी केंद्रं येणार. मोजणीच्या आदल्या रात्री तुमच्या पक्षाच्या मतदान प्रतिनिधींनी आणलेल्या सतरा सीच्या प्रती याच क्रमाने लावून घ्या. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाने सही करून ही प्रत हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला द्यायचीच असते. बहुतेक पक्षांची खरी हार इथे असते. प्रतिनिधी साडेपाचलाच घरी गेलेला असतो आणि कागद कुणाकडेच नसतो. मग मोजणीच्या दिवशी आरडाओरडा करायला माणसं वीस, आणि आकडा ताडायला कागद एक नाही.

टपाली मतं आठला सुरू होतात, यंत्रं साडेआठला. स्ट्राँग रूममधून फक्त कंट्रोल युनिट टेबलावर येतं. तुम्ही जाळीच्या पलीकडे बसता. पर्यवेक्षक यंत्र तुमच्याकडे वळवून दाखवतो. घाई करू देऊ नका. यंत्राचा क्रमांक आणि कागदी मोहोरेचा क्रमांक तुमच्या सतरा सीवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते बघा. मग तो ‘टोटल’ दाबतो. पडद्यावरची एकूण मतं सतरा सीच्या पहिल्या भागातल्या आकड्याशी जुळली पाहिजेत. ती जुळल्यावरच ‘रिझल्ट’. उमेदवार क्रमांक आणि मतं एकामागून एक पडद्यावर सरकतात. तुम्ही फक्त तुमच्या उमेदवाराची लिहू नका, सगळ्यांची लिहा, नोटासकट. बेरीज करून बघा. हुकलं तर पुन्हा दाखवा म्हणा, ‘रिझल्ट’ कितीही वेळा दाबता येतो. नंतर सतरा सीचा दुसरा भाग भरला जातो आणि तुमची सही घेतात. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नका.

२०१९ ला माझ्या मोजणीत नवव्या फेरीला एका टेबलावर ‘टोटल’ने ७१२ दाखवले आणि सतरा सीवर होते ६६२. सगळं सभागृह एकदम उभं राहिलं. घोषणा सुरू झाल्या, एक जण जाळीवर चढला. मी टेबलाशी गेलो आणि फरक बघितला. बरोबर ५०. मतदानाच्या दीड तास आधी प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं अभिरूप मतदान घेतात, आपण मॉक पोल म्हणतो ते. त्यानंतर क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही तीन बटणं दाबून यंत्र कोरं करायचं असतं. त्या केंद्राध्यक्षांनी क्लिअर दाबायचं राहून गेलं होतं. मॉक पोलच्या ५० चिठ्ठ्या नियमाप्रमाणे शिक्के मारून काळ्या पाकिटात वेगळ्या ठेवलेल्या मिळाल्या. ते यंत्र बाजूला काढलं. तेव्हाच्या नियमाने अशा यंत्रांतल्या एकूण मतांपेक्षा शेवटचं मताधिक्य जास्त असेल तर ती मोजत नसत, कमी असेल तर त्यांच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या हाताने मोजत. हे मी माईकवर सावकाश सांगितलं आणि चारही प्रमुख उमेदवारांच्या प्रतिनिधींना काळं पाकीट जवळ बोलावून दाखवलं. पाच मिनिटांत सगळे खाली बसले. त्या गोंधळात एक वयस्क प्रतिनिधी मात्र जागेवरून उठले नव्हते. त्यांच्या वहीत मॉक पोलचे आकडेसुद्धा केंद्रवार लिहिलेले होते, आणि फरक ५० चा आहे हे त्यांनी माझ्याआधी ओळखलं होतं. तुम्ही तशी वही करा.

सगळ्या फेऱ्या संपल्यावर चिठ्ठ्या टाकून पाच केंद्रं निवडतात आणि त्यांच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडतात. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१९ च्या आदेशापासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघात पाच. राज्यात २८८ पाचे १४४०. २०२४ ला या १४४० मध्ये एकाही ठिकाणी तफावत निघाली नाही, असं राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केलं. हे होईपर्यंत रात्र होते आणि जिंकलेल्याचे लोक गुलाल घेऊन बाहेर, हरलेल्याचे घरी. तुम्ही थांबा. चिठ्ठ्यांची मोजणी ज्या जाळीच्या पिंजऱ्यात चालते तिथे तेव्हा मोजून दोन-तीन प्रतिनिधी असतात.

टपाली मतांचं टेबल कुणालाच नको असतं, आणि अटीतटीच्या लढतीत निकाल तिथेच लागतो. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिममध्ये यंत्रांवर अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४. एका मताचा फरक. टपाली मतं मिळवल्यावर वायकर ४८ मतांनी विजयी झाले. विधानसभेलाही मालेगाव मध्य १६२, साकोली २०८, बेलापूर ३७७ अशा लढती होत्या. कर्नाटकात जयनगरला २०२३ मध्ये फेरमोजणीनंतर १६ मतांनी निकाल लागला. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ साली सी. पी. जोशी एका मताने पडले.

टपाली मत बाद होतं ते बहुतेक वेळा मतपत्रिकेसोबत जोडायच्या घोषणापत्रामुळे. सही नाही, साक्षांकन नाही, किंवा मतपत्रिकेचा क्रमांक घोषणापत्रावरच्या क्रमांकाशी जुळत नाही. वाईट याचं वाटतं की बाद होणाऱ्यांत निवडणुकीच्याच कामावर असलेले शिक्षक आणि पोलीस बरेच असतात. बाद टपाली मतांपेक्षा मताधिक्य कमी असेल तर निकाल जाहीर करण्याआधी सगळी बाद मतं पुन्हा तपासावीच लागतात. तुमच्या पक्षाचा सर्वांत शांत आणि वाचनाची सवय असलेला माणूस त्या टेबलावर बसवा.

फेरमोजणी मागायची तर ती लेखी आणि कारणासह, शेवटच्या फेरीची बेरीज वाचून दाखवल्यावर आणि निकाल जाहीर होण्याआधी. अधिकारी त्यासाठी थोडा वेळ देतो. निकाल जाहीर झाला की त्याच्या हातात काही उरत नाही, मग ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. एप्रिल २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आणखी एक वाट आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचे उमेदवार सात दिवसांत अर्ज करून, खर्च भरून, मतदारसंघातल्या पाच टक्के यंत्रांच्या मेमरीची तपासणी मागू शकतात.

केंद्रवार निकाल नमुना २० मध्ये मिळतो. तो वाचताना एक गोष्ट मनाला लागते. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस मतदारसंघात उत्तम जानकर जिंकले, पण मारकडवाडी गावात राम सातपुते पुढे निघाले. गावकऱ्यांना ते पटेना, त्यांनी डिसेंबरमध्ये मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घ्यायचं ठरवलं आणि प्रशासनाने ते थांबवलं. अशा मतदानाला कायद्यात जागा नाही, मी असतो तरी थांबवलं असतं. पण गावाने कुणाला किती मतं दिली हे साऱ्या तालुक्याला कळतं, यातच मला धोका दिसतो. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रांसाठी तसं काम करणारं टोटलायझर आयोगाने २००८ मध्येच सुचवलं होतं, विधी आयोगानेही २०१५ मध्ये उचलून धरलं. अजून आलेलं नाही. तोवर निवडून आलेला माणूस नमुना २० हातात घेऊन कुठल्या वस्तीने आपल्याला मत दिलं नाही ते बघू शकतो, आणि काही जण बघतात.

चिन्हाबद्दल एक राहिलं. साताऱ्यात लोकसभेला शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले. त्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि नुसत्या तुतारी या मिळत्याजुळत्या चिन्हावरच्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. दिंडोरीत तर अशा चिन्हावरच्या उमेदवाराला लाखाच्या वर मतं गेली. मोजणीच्या टेबलावर याला इलाज नाही. तो उमेदवारी अर्ज मागे घेण्याच्या दिवशी, चिन्हवाटपाच्या वेळी, तुमच्या उमेदवाराच्या प्रतिनिधीने तिथे हजर राहून लेखी आक्षेप घेण्यात आहे.

आणि तुमच्या पासाचं. मोजणी प्रतिनिधीची नेमणूक नमुना १८ वर होते. तुमच्या उमेदवाराने तो फोटोसह मोजणीच्या तीन दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायला हवा. उशीर झाला तर पास मिळत नाही. आत मोबाईल नेता येत नाही, म्हणून सतरा सीचे फोटो चालणार नाहीत, कागदी प्रतीच लागतील. शक्य असेल तर तुमच्या गावचं केंद्र ज्या टेबलावर येणार तेच टेबल मागून घ्या. ज्या रांगेत तुम्ही स्वतः उभे होतात तिचा आकडा तुम्हाला तोंडपाठ असतो.